अंध विद्यार्थिनीसाठी मराठी नोट्स: रेकॉर्डिंगच्या आधी फाईल नीट करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेच्या वर्गात यंदा दोन विद्यार्थिनी आल्या आहेत, एक पूर्ण अंध आणि एक अल्पदृष्टी. विभागाच्या नोट्स वर्षानुवर्षं साठत आल्या आहेत. काही श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या आहेत, काही झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या पीडीएफ आहेत, तर काही वह्यांचे फोनवर काढलेले फोटो आहेत. विभागप्रमुखांचं म्हणणं, कुणाकडून तरी सगळं वाचून घ्या आणि रेकॉर्ड करून द्या. बाई विचारतात, एवढं वाचायला माणसं कुठून आणू, आणि रेकॉर्डिंग चांगलं व्हावं म्हणून काय करू?

मॅडम, रेकॉर्डिंगला माणसं शोधण्याआधी थोडं थांबा. अंध वाचकांसाठी मराठी मजकूर तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक महाविद्यालय पहिल्यांदा रेकॉर्डिंगचाच विचार करतं. त्यामागे कळकळ असते, पण खरी अडचण तशीच राहते. खरी अडचण ही की तुमच्याकडचा बराचसा मजकूर कागदावर मराठी दिसत असला तरी कॉम्प्युटरसाठी तो मराठी नाहीच. तो एकदा खराखुरा मराठी मजकूर झाला की कॉम्प्युटर आणि फोन तो स्वतःच वाचून दाखवतात. त्याच फाईलवरून ब्रेल निघतं आणि त्याच फाईलवरून तुमच्या दुसऱ्या विद्यार्थिनीला मोठ्या अक्षरात वाचता येतं.

रेकॉर्डिंग कुठे अपुरं पडतं ते सांगतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलीला 'लक्षणा' आणि 'व्यंजना' या शब्दशक्तींतला फरक पुन्हा पाहायचा असेल तर चाळीस मिनिटांच्या ध्वनिफितीत तो शोधायचा कसा? आणि मराठीच्या विद्यार्थिनीसाठी तर आणखी एक मोठं नुकसान आहे. ऐकून शुद्धलेखन कळत नाही. शब्दातली वेलांटी पहिली की दुसरी हे तिला अक्षर-अक्षर करून तपासता आलं पाहिजे. ते फक्त मजकुरातच करता येतं. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) बाणाची कळ दाबत गेलं की एकेक अक्षर आणि मात्रा ऐकू येते, ब्रेल पट्टी (पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत दाखवणारं उपकरण) असेल तर बोटाखाली येते. नाट्यउतारा, कवितेचं वाचन, बोलीभाषेचे नमुने यांसाठी मात्र माणसाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग जरूर करा. तिथे मशीनचा आवाज कमी पडतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी बघू. मुलगी जन्मापासून अंध आहे की अलीकडे दृष्टी गेली? तिला ब्रेल येतं का? ती लॅपटॉप वापरते की सगळं काम फोनवर करते? स्क्रीन रीडरवर मराठी आवाज बसवलेला आहे, की ती हिंदी आवाजावर मराठी ऐकते आहे? (असं अनेक जण करतात. मग 'चमचा' आणि 'चिमणी' यांतले दोन वेगळे च एकच होतात, आणि ळ बिघडतो.) याची उत्तरं माझ्याकडे नाहीत, विभागप्रमुखांकडेही नाहीत. त्या दोघींना वेगवेगळं बसवून विचारा. अल्पदृष्टी मुलीची गरज पूर्ण अंध मुलीपेक्षा फार निराळी असू शकते, आणि वर्गासमोर विचारलं तर ती 'मला चालतंय' म्हणून गप्प बसेल.

फाईल खरी मराठी आहे की नाही हे ओळखायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. फाईलमधला एखादा परिच्छेद सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी जसंच्या तसं उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या पद्धतीत, आहे. रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटली तर तो जुन्या फॉन्टमधला आहे. आणि काही सिलेक्टच झालं नाही तर ते चित्र आहे. तुमच्या सगळ्या नोट्स आधी या तीन ढिगांत वाटून घ्या. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

जुन्या फॉन्टचं असं आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी हे फॉन्ट ज्या काळात आले तेव्हा देवनागरीची सोय सगळीकडे नव्हती. म्हणून रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवले गेले. डोळ्यांना 'क' दिसतो, पण फाईलमध्ये साठलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. स्क्रीन रीडर आकार बघत नाही, जे साठलंय ते वाचतो. तुमच्या विद्यार्थिनीला 'भाषाविज्ञान' या शीर्षकाऐवजी निरर्थक रोमन अक्षरं ऐकू येतात. इथे एक सूचना: मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट 'मंगल' केला म्हणजे तो युनिकोड होत नाही. त्याला कन्व्हर्टरच, म्हणजे साठवलेली अक्षरं बदलून देणारं सॉफ्टवेअरच, लागतं.

कन्व्हर्टर चांगले आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती तशी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. 'धर्म' मध्ये रफार म च्या डोक्यावर दिसतो, पण युनिकोडमध्ये तो म च्या आधी असतो. कन्व्हर्टरला ही सगळी हलवाहलव करावी लागते, आणि जिथे जोडाक्षर, रफार, काना आणि अनुस्वार एकत्र येतात तिथे तो घसरतो. म्हणून 'कार्यकर्त्यांच्या', 'वर्षांनी', 'पूर्वार्धात' असे शब्द मुद्दाम शोधून तपासा. दुसऱ्या, सुऱ्या, वऱ्हाड यांतला ऱ्य आणि ऱ्हही बघा. प्रत्येक फॉन्टच्या चुका ठरावीक असतात. एकदा त्या कळल्या की 'फाइंड अँड रिप्लेस'ने पुढच्या फाईली भराभर सुटतात.

स्कॅन आणि फोटोंसाठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर) लागेल. गूगल ड्राईव्हवर फाईल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की त्यातला छापील मराठी मजकूर निघतो. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअरही मराठी ओळखतं. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर मात्र ख चा 'रव' होतो, भ-म, घ-ध, थ-य यांची अदलाबदल होते आणि अनुस्वार गळतात. तपासताना मजकूर स्वतः ऐका. 'रवरोरवर' कानाला ताबडतोब खटकतं, डोळा त्यावरून सरकून जातो. ह्रस्व-दीर्घाच्या चुका तेवढ्या कानाला कळत नाहीत, त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. हाताने लिहिलेल्या वह्यांवर ओसीआरचा वेळ घालवू नका. फोनच्या मराठी व्हॉइस टायपिंगवर कुणीतरी वही वाचत जावं आणि नंतर विरामचिन्हं नीट करावीत, हे लवकर होतं. रेकॉर्डिंगला जी मुलं मिळणार होती ती या कामाला लावा. श्रम साधारण तेवढेच, पण हाती येतो मजकूर.

आणि शेवटी मुलीला पीडीएफ देऊ नका, वर्डची फाईल द्या. हे मी ठामपणे सांगतो. इंग्रजीत नीट बनवलेली पीडीएफ चांगली वाचली जाते. देवनागरीत मात्र युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही पुष्कळदा वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरं तुटतात, कारण पीडीएफ मुळात अक्षरांचे छापील आकार जपते, अक्षरांचा क्रम नाही. छपाईसाठी पीडीएफ ठेवा, वाचायला वर्ड.

म्हणजे आतापर्यंतचं काम एवढं: ढीग वाटायचे, मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, तपासायचा, वर्डमध्ये ठेवायचा. पण इथे निम्मंच काम झालं. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि मग मुलगी म्हणते की 'वाचता येतं, पण सापडत नाही.'

आपण पान उघडल्यावर आधी काय करतो? नजर फिरवतो. ठळक मथळे दिसतात, हवं तिथे थांबतो. ऐकणाऱ्याला अशी नजर फिरवायची सोय मथळ्यांच्या स्टाईलमधून मिळते. वर्डमध्ये मथळा नुसता ठळक आणि मोठा केला तर स्क्रीन रीडरला ती एक साधी ओळ वाटते. तीच ओळ 'हेडिंग १' किंवा 'हेडिंग २' केली (कंट्रोल, अल्ट आणि १ किंवा २ दाबा) की एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या ब्राउझ मोडमध्ये (मजकुरात फिरून वाचायच्या पद्धतीत) नुसतं 'एच' दाबत विद्यार्थिनी या मथळ्यावरून त्या मथळ्यावर जाते. पन्नास पानांच्या नोट्समध्ये 'व्यंजना' तिला काही सेकंदांत सापडते. एनव्हीडीए मोफत आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला. सोबत येणाऱ्या ई-स्पीक या वाचून दाखवणाऱ्या आवाजात मराठीही आहे. आवाज यांत्रिक आहे, पण सवयीचे लोक तो प्रचंड वेगाने ऐकतात. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आणि गूगलचा मराठी आवाज चालतो. तिथला उच्चार जास्त गोड आहे. वर्डमध्ये सगळा मजकूर सिलेक्ट करून त्याची भाषा 'मराठी' ठरवायलाही विसरू नका. आवाज आपोआप बदलण्याची सोय असेल तिथे त्याचा उपयोग होतो.

आता आपल्या टायपिंगच्या काही सवयी, ज्या ऐकताना फार त्रास देतात. शीर्षक उठून दिसावं म्हणून 'प्र स्ता व ना' असं अक्षरांत जागा सोडून लिहितात. स्क्रीन रीडर ते एकेक सुटं अक्षर म्हणून वाचतो. जागा हवीच असेल तर फॉन्टच्या सेटिंगमधून अक्षरांतलं अंतर वाढवा. अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाईप करणं ही तर सार्वत्रिक सवय आहे: 'दिनांकः', 'विषयः'. कानाला शेवटी 'ह' येतो. शून्याच्या जागी इंग्रजी ओ, दंडाच्या जागी इंग्रजी एल, गाळलेल्या जागेसाठी तीस टिंबं, पान बदलायला वीस वेळा एंटर, ही सगळी त्याच जातीतली. 'लाल रंगातले प्रश्न महत्त्वाचे' असं लिहिलं असेल तर त्या प्रश्नांपुढे 'महत्त्वाचे' हा शब्दच लिहा. आणि चौकटीत मजकूर टाकायचा मोह आवरा. वर्डमधला तरंगता टेक्स्ट बॉक्स स्क्रीन रीडर कधी वगळतो, कधी भलत्याच ठिकाणी वाचतो.

तुमच्या विषयातला सगळ्यात अवघड भाग वृत्तांचा आहे, म्हणून तो जरा सावकाश सांगतो. समजा भुजंगप्रयात शिकवायला तुम्ही फळ्यावर ओळ लिहिली: कुणी पावसाला विचारून यावे. नोट्समध्ये या ओळीखाली लघुगुरूच्या खुणा असतात. टाईप करणारे बहुधा लघूसाठी इंग्रजी यू आणि गुरूसाठी आडवी रेघ वापरतात, मग स्पेस मारमारून त्या खुणा अक्षरांखाली आणतात. आमच्याकडे तपासणीचं काम करणारे सहकारी स्वतः अंध आहेत. असं एक पान त्यांच्याबरोबर ऐकलं तेव्हा आधी सगळी ओळ ऐकू आली, मग 'यू यू यू यू', कारण त्यांच्या सेटिंगमध्ये रेघा वाचल्याच जात नव्हत्या. कोणती खूण कुठल्या अक्षराची हे कळायला काही मार्गच नव्हता. डोळ्यांसाठी जे वर-खाली मांडलंय ते कानासाठी एकामागोमाग मांडावं लागतं.

म्हणून आम्ही ते असं लिहितो. 'भुजंगप्रयात. चरणात १२ अक्षरे. गण य, य, य, य. य गण म्हणजे लघु, गुरू, गुरू.' आणि मग ओळ गणांप्रमाणे तोडून, स्वल्पविराम देऊन: 'कुणीपा, वसाला, विचारू, नयावे'. ऐकताना तीन-तीन अक्षरांवर थांबा येतो आणि वृत्ताची चाल कानात बसते. खरं सांगायचं तर डोळस विद्यार्थ्यांनाही खुणांपेक्षा हे लवकर कळतं. मग सगळी वृत्तं एका तक्त्यात घ्या: पहिल्या स्तंभात वृत्ताचं नाव, पुढे अक्षरं, गण, यती (ओळीत थांबायची जागा). मालिनी, १५, न न म य य, आठव्या अक्षरानंतर यती. मंदाक्रांता, १७, म भ न त त ग ग, चौथ्या आणि दहाव्यानंतर यती. तक्ता वर्डच्या 'इन्सर्ट टेबल'नेच करा, टॅब मारून नाही. पहिली ओळ शीर्षकाची म्हणून ठरवा आणि कुठलेही दोन रकाने (तक्त्यातल्या चौकटी) जोडू नका. मग कंट्रोल, अल्ट आणि बाणाच्या कळांनी विद्यार्थिनी रकान्यातून रकान्यात जाते आणि प्रत्येक ठिकाणी स्तंभाचं नाव ऐकू येतं. रकाने जोडलेले असले की हा धागा तुटतो आणि '१५' हे अक्षरांचं की कशाचं, ते कळत नाही.

चित्रांचं त्या मानाने सोपं आहे. चित्रावर उजवी क्लिक करून 'ऑल्ट टेक्स्ट' मध्ये (चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या वर्णनात), चित्र ज्यासाठी घातलंय ती माहिती लिहा. बोलींच्या नकाशाला 'महाराष्ट्राचा नकाशा' एवढंच लिहिलं तर तिच्या हाती काहीच लागत नाही. 'खानदेशात अहिराणी, विदर्भात वऱ्हाडी, दक्षिण कोकणात मालवणी' असं हवं. माहिती मोठी असेल तर ती नकाशाखाली परिच्छेदातच लिहा. सजावटीचं चित्र असेल तर ते सजावटीचं म्हणून नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर ते सोडून देईल.

अल्पदृष्टी विद्यार्थिनीसाठी ए-थ्री झेरॉक्स काढून देण्याचा प्रघात आहे. तो कागद बाकावर मावत नाही आणि मूळ पुसट अक्षर मोठं झालं तरी पुसटच राहतं. तिलाही तीच वर्डची फाईल द्या. ती हवं तेवढं मोठं करेल आणि हवं तर काळ्यावर पांढरं करून वाचेल. छापूनच द्यायचं असेल तर १८ पॉइंटपासून सुरुवात करा आणि तिला दाखवून ठरवा. देवनागरीत आकाराइतकंच ओळींमधलं अंतर महत्त्वाचं आहे: वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकल्या की अनुस्वार दिसतच नाही. फॉन्ट जाड आणि साधा ठेवा, शब्दांत असमान जागा पडू नये म्हणून डावीकडेच सरळ ओळ ठेवा, करडी अक्षरं टाळा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतल्या फरकाचं प्रमाण डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ सांगितलं आहे. काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं याच्या खूप पुढे जातं.

विभागप्रमुख कॉपीराइटचा मुद्दा काढतील, कारण तुमच्या यादीत क्रमिक पुस्तकंही असणार. त्यांना सांगा की २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रत बनवायला परवानगी आहे, नफा न घेता. मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला, तो करार याच विषयावरचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात मिळण्याची तरतूद आहे. त्यामुळे तुम्ही जे करताय ती कुणावर मेहेरबानी नाही. मात्र एखादं पुस्तक स्कॅन करायला घेण्याआधी 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाईन ग्रंथालयात ते आधीच आहे का, हे पाहून घ्या. तिथे मराठी पुस्तकंही आहेत.

सगळ्या नोट्स एकदम करायला जाऊ नका. या सत्राचे पहिले दोन घटक घ्या, एक फाईल पूर्ण तयार करा आणि पुढची सुरू करण्याआधी ती मुलीला देऊन तिच्याशेजारी बसा. ती कुठे अडते, कुठे मागे जाते, ते बघा. त्या एका तासात पुढच्या सगळ्या फाईली कशा करायच्या ते ठरेल. नव्या नोट्स आजपासून युनिकोडमध्ये आणि हेडिंग देऊनच टाईप करा, हे सगळ्या विभागाने पाळलं तर पुढच्या वर्षी हा प्रश्नच उरणार नाही.

शेवटचं परीक्षेबद्दल. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका तुमच्या हातात नाही, अंतर्गत चाचणीची आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जास्त वेळ सांगितला आहे आणि कॉम्प्युटरवर परीक्षा देण्याची सोयही आहे. चाचणीची प्रश्नपत्रिका याच पद्धतीने वर्डमध्ये करा, प्रत्येक प्रश्नक्रमांकाला हेडिंग द्या. लघुगुरूच्या खुणा द्यायला सांगणारा प्रश्न असेल तर तिला 'ल' आणि 'ग' लिहून उत्तर द्यायची मुभा आधीच जाहीर करा. ज्या कॉम्प्युटरवर ती बसणार आहे त्यावर मराठी आवाज आणि तिच्या सवयीचा कीबोर्ड आहे ना, हेडफोन चालतो ना, हे आदल्या दिवशी तिलाच तिथे बसवून तपासून घ्या.